धुळीचा अनुस्वार

छायाचित्रातल्या ठिपक्याला आपण डाग म्हणतो आणि तो पुसायला निघतो. लग्नाच्या किंवा निसर्गाच्या छायाचित्राबाबत ते रास्तच आहे. पण छायाचित्र इतिहासाचे साधन म्हणून वापरायचे असेल, तर पुसण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो : हा ठिपका पडला केव्हा? तो मूळ वस्तूवरच होता, छायाचित्र घेताना पडला, छापताना पडला, की आज डिजिटल प्रत काढताना आपल्याच कॅमेऱ्याने तो टाकला? श्रीरामपूर परिसरातील जुने कागद आणि काचेच्या निगेटिव्ह यांच्या डिजिटल प्रती काढण्याच्या कामात हा प्रश्न माझ्यापुढे रोज असतो. छायाचित्रणाच्या पावणेदोनशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात त्याचे उत्तर वेळोवेळी बदलत गेले आहे. त्या बदलाची ही हकिगत आहे.

प्रश्न क्षुल्लक वाटू नये म्हणून आधी श्रीरामपूरबद्दल थोडे सांगायला हवे.

श्रीरामपूर हे काही प्राचीन नगर नव्हे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला, तेव्हा प्रवरेकाठच्या बेलापूर गावापासून काही अंतरावर स्थानक झाले. त्या स्थानकाभोवती वस्ती वाढली, पेठ वसली, आणि पुढे ते श्रीरामपूर झाले. स्थानकाचे नाव मात्र नंतरही दीर्घकाळ बेलापूरच राहिले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. प्रवरेच्या कालव्यांनी या अवर्षणाच्या पट्ट्यात ऊस आणला. हरेगाव आणि टिळकनगर येथे खासगी साखर कारखाने उभे राहिले. जवळच लोणीला सहकारी कारखान्याचे पहिले गाळप १९५०-५१ च्या हंगामात झाले.

खासगी कारखान्यांना सलग ऊसमळे हवे होते. त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या गेल्या. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर हे मळे सरकारकडे गेले आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाच्या ताब्यात आले. मूळ मालकांचे वारस, म्हणजे खंडकरी, आपल्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून अनेक दशके लढले. अशा लढ्यात खंडपावती, जुना करारनामा, वारसनोंद, वाटणीचा कागद ही शस्त्रे असतात. या तालुक्यात कित्येक घरांत असे कागद ट्रंकेत, फडक्यात बांधून ठेवलेले आहेत. ते पिवळे पडले आहेत, घडीवर फाटले आहेत, आणि आता त्यांचे फोटो काढून ठेवले जात आहेत.

त्यांच्या भोवतीची हवाही या उसाचीच आहे. गाळपाचा हंगाम सुरू झाला की उसाच्या चिपाडावर चालणाऱ्या बॉयलरची हलकी काळी राख वाऱ्याबरोबर येते आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांनी रस्त्यावरची माती दळून निघते. काळ्या जमिनीची ही माती वाळली की इतकी बारीक होते की बंद कपाटातही तिचा थर सापडतो. कॅमेऱ्याची लेन्स बदलताना दोन-चार सेकंद त्याचे तोंड उघडे राहते. तेवढा वेळ तिला पुरेसा असतो.

धूळ आणि छायाचित्रकार यांचे वैर छायाचित्रणाइतकेच जुने आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नामांकित छायाचित्रकार. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ओल्या कलोडियनची पद्धत त्या सुमारास सर्वत्र पसरत होती. या पद्धतीत काचेवर चिकट द्रावणाचा थर द्यायचा, तो चांदीच्या क्षारात बुडवायचा आणि थर ओला असेपर्यंतच चित्र घेऊन धुवायचे. दख्खनच्या कोरड्या उन्हाळ्यात ही मुदत आणखी आखूड होई. त्यात चिकट ओल्या थरावर धुळीचा कण बसला की धूमकेतूसारखी शेपटी असलेला डाग उमटे. अंधाऱ्या खोलीची जमीन ओली ठेवणे आणि काच मऊ कुंचल्याने झाडणे हा त्या काळी कामाचाच एक भाग होता.

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. त्यानंतर तयार काचा पेटीतून मिळू लागल्या. चिकट थर गेला, धूळ राहिली. मात्र आता तिचे दोन वेगळे प्रकार ओळखता येऊ लागले, आणि जुन्या छायाचित्राचा अभ्यास करणाऱ्याला ते आजही उपयोगी पडतात.

चित्र घेताना काचेवर कण असेल, तर तेवढ्या जागी प्रकाश पोहोचत नाही. निगेटिव्हवर तेथे पारदर्शक छिद्र राहते आणि छापलेल्या चित्रावर काळा ठिपका येतो. उलट, छापताना निगेटिव्हवर कण असेल, तर तो कागदाकडे जाणारा प्रकाश अडवतो आणि चित्रावर पांढरा ठिपका येतो. काळा ठिपका म्हणजे कॅमेऱ्यातली धूळ, पांढरा ठिपका म्हणजे डार्करूममधली धूळ. ठिपक्याच्या रंगावरून तो केव्हा पडला हे सांगता येते, ते असे.

तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओत हे ज्ञान पुस्तकातून आलेले नव्हते, हातातून आलेले होते. पांढरा ठिपका सोपा. अगदी बारीक कुंचल्याने त्यात भोवतीच्या छटेचा रंग भरला की झाले. काळा ठिपका अवघड. तो पात्याच्या टोकाने छापावरून खरवडावा लागे, किंवा आधी निगेटिव्हवरचे छिद्र बुजवून, त्यामुळे छापावर येणारा पांढरा ठिपका पुन्हा रंगाने भरावा लागे. टचिंग करणारा माणूस स्टुडिओत वेगळा असे. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण पेन्सिलीने सौम्य करणे हेही त्याचेच काम. म्हणजे धुळीचा डाग काढणारा हात आणि माणसाच्या चेहऱ्यावरची खूण काढणारा हात एकच होता. जुन्या चित्रात काय पुसले गेले असेल, हा प्रश्न संगणकाच्याही आधीचा आहे.

रोल फिल्म आली आणि धुळीच्या बाबतीत एक गोष्ट छायाचित्रकाराच्या बाजूने झाली. प्रत्येक चित्रासाठी फिल्मचा नवा तुकडा पुढे येई. या चित्रावर बसलेला कण पुढच्या चित्रात नसे. छत्तीसांपैकी एक बिघडले तरी पस्तीस वाचत.

याला अपवाद होता तो सिनेमाचा. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणला आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. सरस्वतीबाई अंधारात कच्च्या फिल्मला कडेची भोके पाडत, फिल्म धुण्यास मदत करत. सिनेमाच्या कॅमेऱ्यातही फिल्म पुढे सरकत राहते. पण ज्या चौकटीतून प्रकाश तिच्यावर पडतो, ती चौकट जागची हलत नाही. तिच्या कडेला एखादा केस किंवा फिल्मची कपची अडकली, की तिची सावली पुढच्या प्रत्येक चित्रावर त्याच जागी पडते. म्हणून दृश्य चित्रित झाल्यावर ही चौकट, म्हणजे गेट, तपासून पाहण्याची शिस्त सिनेमात रुजली. एक कण सगळी चित्रे बिघडवू शकतो, हे सिनेमावाल्यांना आधीच ठाऊक होते. डिजिटल कॅमेऱ्याने ते सर्वांच्याच वाट्याला आणले.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर असतो. बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये शोधलेल्या सीसीडीतून त्याची वाट निघाली. त्या शोधाला २००९ चे नोबेल मिळाले. १९९९ च्या निकॉन डी-वनसारख्या कॅमेऱ्यांनंतर लेन्स बदलता येणारे डिजिटल कॅमेरे व्यावसायिकांच्या हाती आले आणि पुढच्या काही वर्षांत आपल्याकडच्या स्टुडिओंपर्यंत पोहोचले. कॅमेऱ्याच्या साऱ्या आयुष्यात सेन्सर एकच असतो. आज बसलेला कण उद्याच्या लग्नात, परवाच्या वाढदिवसात आणि नंतर घेतलेल्या करारनाम्याच्या फोटोतही त्याच जागी असतो.

कण थेट सेन्सरवर बसत नाही, त्याच्यापुढच्या पातळ काचेच्या गाळणीवर बसतो. चित्रात दिसते ती त्याची सावली, आणि ती किती गडद असेल हे लेन्सचे छिद्र किती उघडे आहे यावर ठरते. कण आणि सेन्सर यांत एक मिलिमीटर अंतर धरू. एफ/२.८ वर छिद्र मोठे असते. सेन्सरच्या एका बिंदूकडे येणारा प्रकाशाचा शंकू कणाच्या पातळीवर सुमारे ०.३६ मिलिमीटर रुंद असतो. ०.०५ मिलिमीटरचा कण त्यातला दोन टक्केच प्रकाश अडवतो. सावली दिसतही नाही. एफ/१६ वर हाच शंकू ०.०६ मिलिमीटरच्या आसपास येतो आणि तोच कण सुमारे चौसष्ट टक्के प्रकाश अडवतो. कण तोच, जागा तीच. एका चित्रात तो अदृश्य, दुसऱ्यात ठळक. निरभ्र आकाश एफ/१६ वर टिपले की सेन्सरवरची सगळी धूळ हजेरी लावते, ती यामुळे. सेन्सरवर प्रतिमा उलटी पडत असल्याने चित्रात वरच्या बाजूला दिसणारा डाग सेन्सरवर खालच्या बाजूला शोधावा लागतो.

कॅमेरे बनवणाऱ्यांनी यावर उपाय शोधले. ऑलिंपसने २००३ च्या ई-वन कॅमेऱ्यात सेन्सरपुढची काच ध्वन्यातीत वेगाने थरथरवून कण झटकण्याची युक्ती आणली. २००६ मध्ये कॅनन, सोनी, पेंटॅक्स यांनीही आपापल्या परीने तशी सोय केली. कोरडा कण यामुळे पडतो, चिकटलेला पडत नाही. आपल्याकडची धूळ तर अनेक परींची. जेजुरीला सोमवतीला भंडारा उधळतात, जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलाल, लग्नात हळद. अशा ठिकाणी जाणते छायाचित्रकार कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधतात आणि लेन्स बदलण्याऐवजी दुसरा कॅमेराच गळ्यात ठेवतात. घरी आल्यावर आधी रबरी फुग्याची हवा. तोंडाने फुंकर कधीच नाही, कारण लाळेचे थेंब धुळीपेक्षा चिवट. त्यानेही भागले नाही, तर सेन्सरच्या रुंदीचा ओला पोचारा एकाच दिशेने एकदा फिरवायचा. त्या वेळी बॅटरी पूर्ण भरलेली हवी. ती मध्येच संपली तर उघडा ठेवलेला पडदा पोचाऱ्यावर मिटतो.

एवढे करूनही सेन्सर पूर्ण निर्मळ होत नाही. एक कण काढावा तर दुसरा बसतो. कागदांच्या प्रती काढणाऱ्याची खरी अडचण येथून सुरू होते.

साधारण छत्तीस सेंटिमीटर उंचीचा कागद छत्तीस मिलिमीटर लांबीच्या सेन्सरवर घेतला, तर तो दहापट लहान होतो. अशा कामासाठी बहुधा एफ/८ वापरतात. त्या छिद्राला ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या कणाची सावली सेन्सरवर जेमतेम ०.२ मिलिमीटरची पडते. कागदाच्या मापात ती दीड-दोन मिलिमीटर होते, म्हणजे टाकाने लिहिलेल्या अनुस्वाराएवढी. बारीक कणाची सावली फिकी येते, ०.१ मिलिमीटरच्या कणाची चांगली गडद येते. शिवाय जुनी शाई स्वतःच फिकी असते. वाचता यावे म्हणून चित्राचा उजळपणा वाढवला किंवा त्याची काळी-पांढरी झेरॉक्स काढली, की फिकी सावलीही शाईइतकीच काळी होते.

मराठीत ठिपका हे अक्षराचे अंग आहे. 'भावाचा हिस्सा' आणि 'भावांचा हिस्सा' यांत एका ठिपक्याचा फरक आहे. पहिल्यात एक वारस, दुसऱ्यात अनेक. उदाहरण माझे आहे, पण वाटणीच्या कागदात असा शब्द कोठेही येऊ शकतो. 'विहिरीचे पाणी' आणि 'विहिरींचे पाणी' यांचेही तेच. शिवाय ठिपक्याचा अर्थ कागदाच्या काळावर अवलंबून असतो. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांना १९६२ मध्ये शासनाची मान्यता मिळाली आणि उच्चारात नसलेले व्युत्पत्तीचे अनुस्वार गेले. त्याआधी 'नांव', 'कांही', 'घरांत' असे लिहिणे शुद्ध होते. १९३५ च्या कागदात 'शेतांत' म्हणजे एकच शेत असू शकते. १९७५ च्या कागदात नियमाने लिहिलेले 'शेतांत' म्हणजे एकाहून अधिक शेते. अनुस्वारांच्या असण्या-नसण्यावरून तारीख नसलेल्या कागदाच्या काळाचा अंदाजही बांधता येतो. असा ठिपका कॅमेऱ्यातल्या धुळीने वाढवला किंवा संगणकाने धूळ समजून काढून टाकला, तर दोन्ही वेळा पुरावाच बदलतो.

संगणकाच्या आपोआप सफाईचा भरवसा येथे धरता येत नाही. रंगीत निगेटिव्ह स्कॅन करताना अवरक्त किरणांनी धूळ ओळखण्याची पद्धत चांगली चालते, कारण रंगद्रव्यातून ते किरण आरपार जातात आणि धुळीवर अडतात. कृष्णधवल निगेटिव्हमधली चांदी मात्र त्या किरणांनाही अडवते, त्यामुळे यंत्राला सगळे चित्रच धूळ वाटते. जुन्या स्टुडिओंचा साठा तर बहुतांशी कृष्णधवल. मोबाइलचा सेन्सर बंदिस्त असल्याने त्यात धूळ क्वचितच शिरते, पण त्यातली प्रक्रिया चित्राचा दाणेदारपणा घालवताना फिकट बारीक ठिपके सोबत नेऊ शकते.

मला या अडचणीवरचा उपाय सापडला तो खगोलशास्त्रज्ञांच्या पद्धतीत. पुण्याच्या आयुका या संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण गिरवलीला आहे. ती २००६ पासून तेथे उभी आहे. अशा दुर्बिणीवरच्या सेन्सरपुढेही धूळ बसतेच, आणि तिच्या सावल्या मेदूवड्यासारख्या, मध्ये पोकळ, दिसतात. दुय्यम आरशाने मधला प्रकाश अडवलेला असतो म्हणून हा आकार. प्रत्येक कणामागे उपकरण उघडत बसणे शक्य नसते. म्हणून खगोलशास्त्रज्ञ संधिप्रकाशातल्या आकाशाचे किंवा घुमटातल्या प्रकाशित पडद्याचे एकसारखे, रिकामे चित्र घेतात. त्यात ताऱ्यांची माहिती नसते, फक्त उपकरणाचे दोष असतात. मग ताऱ्यांच्या चित्राला या रिकाम्या चित्राने भागतात आणि धुळीच्या सावल्या हिशेबाने निघून जातात. शिवाय एकाच भागाची अनेक चित्रे घेताना ते दुर्बीण थोडी थोडी सरकवतात. तारे चित्रात सरकतात, दोष जागचे हलत नाहीत.

हीच रीत कागदाला लावता येते, आणि तिला खर्च नाही. कामाला बसताना पहिला फोटो कोऱ्या पांढऱ्या कागदाचा घ्यायचा, ज्या छिद्राला पुढचे काम करायचे त्याच छिद्राला आणि मुद्दाम थोडा धूसर, म्हणजे कागदाचे स्वतःचे तंतू उमटत नाहीत. त्या दिवसाच्या धुळीचा तो नकाशा. नंतर प्रत्येक महत्त्वाच्या पानाचे दोन फोटो घ्यायचे, दुसऱ्या वेळी पान बोटभर सरकवून. शाईचा अनुस्वार अक्षराबरोबर सरकतो, धुळीचा अनुस्वार चौकटीत जागच्या जागी राहतो. कागदावरच बसलेली धूळ तिसऱ्या प्रकारची. ती पानाबरोबर सरकते, म्हणून मऊ कुंचल्याने झाडून मगच फोटो घ्यायचा. तरीही राहिला तो कागदाचा डाग किंवा शाई, आणि त्याचा निर्णय भिंगाखाली मूळ कागद पाहूनच करायचा.

काचेच्या निगेटिव्हची प्रत काढतानाही हीच कसोटी चालते. खालून प्रकाश देऊन काच टिपायची आणि संगणकावर ती उलटवून सुलट चित्र करायचे. त्यात आजच्या सेन्सरवरचा कण फिकट, कडा विरलेला ठिपका होतो आणि प्रत्येक काचेत त्याच जागी येतो. काचेवर आज बसलेला कण पांढरा, पण रेखीव कडेचा येतो. मूळ छायाचित्र घेताना बसलेल्या कणाने पाडलेले छिद्र काळा ठिपका होऊन येते. तो काळा ठिपका मी काढत नाही. तो त्या दिवशीच्या हवेचा आहे.

अशा प्रतींवर माझे काही नियम ठरले आहेत. कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल कधी बदलायची नाही. सुधारलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवायची, आणि काय काढले ते तिच्यासोबत लिहून ठेवायचे. कोऱ्या कागदाचा फोटो त्या दिवसाच्या कामाबरोबर जपायचा. तो टाकाऊ वाटतो, पण पन्नास वर्षांनी कोणी विचारले की या शब्दावरचा ठिपका खरा कशावरून, तर उत्तर त्या रिकाम्या चित्रात असेल. मूळ कागद तोवर टिकलेला असेलच असे नाही. वाळवी, ओल आणि घडीची चीर आपापले काम करत असतात. आज घेतलेला फोटो हाच पुढे मूळ कागदाच्या जागी उभा राहणार आहे.

खंडाच्या एका कागदावर किती वारसांची नावे आहेत, विहीर एक की दोन, हे अनुस्वारावर ठरत असेल, तर त्या अनुस्वाराला साक्षीदार हवा. सेन्सरवरची धूळ दर हंगामात येत राहील. ती जितकी निघेल तितकी काढावी. जी निघत नाही तिची नोंद ठेवावी, म्हणजे ती कुणाच्या हिश्श्यात भर घालणार नाही आणि कुणाचा हिस्सा कमीही करणार नाही.